व्हीव्हीपॅट वापरून पाहिलं: यंत्राला चार तारे, मोजणीला दोन

निवडणूक ड्युटीचा आदेश आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन गट पडतात. एक गट वैद्यकीय दाखल्याच्या मागे लागतो, दुसरा मुकाट्याने पिशवी भरतो. मी दुसऱ्या गटातली. हायस्कूलला गणित शिकवते, बरीच वर्षं केंद्राध्यक्ष म्हणून जाते आहे आणि मतमोजणीच्या टेबलावरही बसले आहे. लोक मिक्सरची, मोबाइलची, नव्या मिसळीच्या हॉटेलची परीक्षणं लिहितात. मी ज्या वस्तूच्या सोबतीने पहाटेपासून रात्रीपर्यंत बसते, तिचं लिहिते: व्हीव्हीपॅट. मत दिल्यावर काचेमागे चिठ्ठी दाखवणारं ते यंत्र.

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. यंत्राला पाचपैकी चार तारे. त्यातून पडणाऱ्या कागदाचं पुढे जे होतं त्याला दोन, तेही हात सैल सोडून.

ज्यांनी कधी टेबलाच्या आमच्या बाजूने पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे मतं साठवणारं कंट्रोल युनिट असतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बॅलट युनिट आणि त्याला लागून व्हीव्हीपॅट. आम्ही ‘बॅलट’चं बटण दाबलं की आत हिरवा दिवा लागतो. मतदार निळं बटण दाबतो, उमेदवाराच्या नावापुढे लाल दिवा लागतो, काचेमागे उजेड होतो आणि चिठ्ठी दिसते: अनुक्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद. मग ती कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते आणि आमच्याकडे लांब बीप वाजतो. बीप वाजल्याशिवाय पुढच्याला आत सोडायचं नाही.

चिठ्ठी येण्याआधी मतदाराच्या हाती फक्त तो लाल दिवा आणि बीप होता. दिवा लागला म्हणजे मत पोचलं, असं मानायचं. १९८२ साली केरळातल्या परूरमध्ये देशात पहिल्यांदा मतदान यंत्रं वापरली गेली तेव्हापासून तीस वर्षं हेच चाललं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३मध्ये सांगितलं की कागदी पुरावा ही मुक्त आणि निःपक्ष निवडणुकीची अत्यावश्यक गरज आहे. त्याच वर्षी नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत हे यंत्र पहिल्यांदा उतरलं होतं. २०१७ला गोव्याने सगळ्या चाळीस मतदारसंघांत वापरलं आणि २०१९च्या लोकसभेपासून देशातल्या प्रत्येक केंद्रावर आलं. इतिहास एवढा पुरे.

आता बांधणी. यंत्र नाजूक आहे, पण शहाणं आहे. मागच्या बाजूला एक खटका असतो. वाहतुकीत तो आडवा ठेवायचा, काम सुरू करताना उभा करायचा. प्रशिक्षणात हे इतक्या वेळा सांगतात की हॉलमधल्या शेवटच्या रांगेतले डुलक्या काढणारे सरही झोपेत ‘उभा, उभा’ म्हणतील. दुसरी सूचना उजेडाची. यंत्र खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवायचं नाही, जास्त उजेड आत गेला की ते बिनसतं. आता डोंगरपट्ट्यातल्या वस्तीशाळेत खोली एक, खिडकी एक, बल्ब एक. अशा खोलीत यंत्राला सावली आणि मतदाराला गोपनीयता दोन्ही मिळेल असा कोपरा शोधणं हे केंद्राध्यक्षाचं आदल्या रात्रीचं खरं काम. आम्ही फळा आडवा लावून भागवलं आहे. फळ्यावर पाढे तसेच होते.

एकदा मॉकपोललाच, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीतच, यंत्राने दगा दिला. चिठ्ठी अर्धवट आली आणि कंट्रोल युनिटवर दोष दिसू लागला. उमेदवारांच्या पोलिंग एजंटांपैकी एकाने लगेच मोबाइल काढायला खिशात हात घातला, तो आधीच बाहेर जमा होता म्हणून वाचलो. झोनल ऑफिसरला कळवलं, राखीव यंत्र जीपने आलं, मॉकपोल पुन्हा घेतला आणि सातला मतदान सुरू झालं. मतदान चालू असताना नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलायचं असतं. कंट्रोल किंवा बॅलट युनिट गेलं तर मात्र तिन्ही बदलायची. ही व्यवस्था चोख आहे. एक तारा कापला तो या नाजूकपणासाठी आणि त्या काळ्या काचेसाठी, तिच्याकडे येतेच.

मॉकपोल हा माझ्या मते या सगळ्या यंत्रणेचा सर्वांत प्रामाणिक भाग. मतदानाच्या दीड तास आधी एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोण कोणाला टाकतंय ते कागदावर लिहून ठेवायचं. मग ‘क्लोज’, मग ‘रिझल्ट’. आकडे वाचून दाखवायचे. व्हीव्हीपॅटची पेटी उघडून चिठ्ठ्या काढायच्या, मोजायच्या, आकड्यांशी जुळवायच्या. मग ‘क्लिअर’. चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉकपोलचा शिक्का मारून जाड काळ्या कागदाच्या पाकिटात घालायच्या आणि पाकीट सीलबंद करायचं. बाहेर अजून उजाडलेलं नसतं, पंचायतीचा शिपाई चहाची किटली घेऊन दारात उभा असतो, आणि आत तीन पक्षांची तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून चिठ्ठ्या मोजतात. अंक जुळले की खोलीतला ताण उतरतो. दुपारी भांडणारे हेच लोक तेव्हा एकाच बशीतून पारले बिस्किटं उचलतात.

इथेच मला गणिताच्या शिक्षिकेला न पचणारी गोष्ट सुरू होते. मॉकपोलची मतं खोटी. त्यांची प्रत्येक केंद्रावर, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत, यंत्राशी जुळणी होते. त्यानंतर दिवसभर जी खरी मतं पडतात त्यांच्या चिठ्ठ्या मात्र विधानसभा मतदारसंघातल्या फक्त पाच केंद्रांच्या मोजल्या जातात. बाकी पेट्या बंदच राहतात.

मोजणीकडे जाण्याआधी मतदाराची बाजू. आमच्याकडे एक आजी येतात, नऊवारी, डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा. व्हीव्हीपॅट आल्यावर पहिल्याच खेपेला त्या मत देऊन बाहेर पडायच्या ऐवजी आमच्या टेबलापाशी येऊन थांबल्या. “बाई, मशीन पावती देतं म्हनं. माझी कुठाय?” मी म्हटलं, “आजी, पावती घरी न्यायची नसते, काचेतून बघायची.” त्या म्हणाल्या, “मग मी काय बघितलं? उजेड झाला आन् गेला.” रांगेतली माणसं हसली. आजींचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर होतं. चिठ्ठी तळहातापेक्षा लहान, अक्षर बारीक, काच काळपट आणि वेळ सात सेकंद. बटण दाबल्यावर माणूस आधी लाल दिव्याकडे बघतो, मग त्याला शेजारच्या पेटीची आठवण होते, तोवर तीन सेकंद गेलेले असतात. तरुण पोरं तर बघतही नाहीत, त्यांना शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढायची घाई.

काच आधी पारदर्शक होती. २०१७मध्ये ती बदलून गडद केली, त्यामुळे आतला दिवा लागलेला असेल तेवढाच वेळ आतलं दिसतं. चिठ्ठी दिसते, पण ती कापून पेटीत पडेपर्यंत दिवा राहावा आणि मतदाराने ते डोळ्यांनी पाहावं, ही मागणी न्यायालयापर्यंत जाऊनही तशीच राहिली. मला ती साधी आणि रास्त वाटते. चिठ्ठी हातात द्यावी आणि मतदाराने स्वतः पेटीत टाकावी, या मागणीशी मात्र मी सहमत नाही. गावात मताला पैसे वाटणारे कोण असतात ते मला ठाऊक आहे. चिठ्ठी हातात आली की ती दाखवून उरलेले पैसे घ्यायचा धंदा त्याच दुपारी सुरू होईल.

दृष्टिहीन मतदारांना तर हे यंत्र काहीच देत नाही. बॅलट युनिटवर ब्रेलमध्ये आकडे आहेत, चिठ्ठी मात्र काचेमागे. सोबत्याने सांगितलं ते खरं मानायचं. याबद्दल अर्धा तारा आणखी कापायला हवा होता.

आणि चिठ्ठीवर भलतंच नाव दिसलं तर? नियम ४९ एमए आहे. मतदाराने लेखी द्यायचं, मग एजंटांसमोर त्याला एक चाचणी मत टाकू द्यायचं. चिठ्ठी बरोबर आली तर त्याची तक्रार खोटी ठरते आणि फौजदारी कारवाई होऊ शकते. ही ताकीद मी स्वतः मतदाराला वाचून दाखवायची असते. पोलीस शिपाई दाराशी, मागे रांग, समोर सरकारी कागद. अशा वेळी शेतमजूर बाई “जाऊ द्या, माझंच चुकलं असंल” म्हणून निघून जाणार नाही तर काय करेल? शिवाय एकदा चुकलेली वस्तू दुसऱ्या वेळी बरोबर चालली यावरून पहिली वेळही बरोबर होती, असं सिद्ध होत नाही. दहावीच्या पोरांनाही मी असं गृहीत धरू देत नाही.

आता मोजणी. यंत्रांच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर सगळ्या केंद्रांच्या क्रमांकांची कार्डं डब्यात घालून, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर हलवून, पाच काढतात. त्या पाच केंद्रांची व्हीव्हीपॅट यंत्रं तारेच्या जाळीने बंद केलेल्या कक्षात नेतात. आधी एकूण चिठ्ठ्या मोजायच्या आणि केंद्रावरच्या नोंदीशी ताडायच्या, मग उमेदवारवार खणांत टाकायच्या, मग पंचवीसच्या गड्ड्या बांधायच्या. मी त्या जाळीत बसले आहे. बाहेर तोवर गुलाल सुरू झालेला असतो, आत आम्ही थर्मल कागदाच्या गुळगुळीत चिठ्ठ्या बोटाला थुंकी लावून वेगळ्या करत असतो. एका यंत्रात एकूण एक चिठ्ठी कमी भरली. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. सगळे गप्प. शेवटी एका शिपायाने पेटी आडवी करून टॉर्च मारला, तर चिठ्ठी आतल्या भिंतीला चिकटून बसलेली. जुळलं. तेवढ्या एका चिठ्ठीसाठी तीन पक्षांचे प्रतिनिधी आणि आम्ही पाच कर्मचारी जेवणं सोडून पेटीत डोकावत होतो, हे मला फार आवडलं. असंच असायला हवं.

पण पाच केंद्रांत किती पकडलं जातं? हे मी वर्गात सोडवून घेते. मतदारसंघात ३०० केंद्रं धरा. त्यातल्या १० केंद्रांवर काही तरी गडबड आहे, मग ती लबाडी असो नाही तर बिघाड. कार्डं काढून पाच निवडली तर त्या दहातलं एकही हाती न लागण्याची शक्यता ८४ टक्के. म्हणजे सहापैकी पाच वेळा गडबड सुखरूप सुटेल. गडबड ३० केंद्रांवर असेल, एक दशांश केंद्रांवर, तरी सुटण्याची शक्यता ५९ टक्के. पोरं म्हणतात, “मॅडम, मग तपासता कशाला?”

निवडणूक आयोगाकडे याला उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. २०१९च्या निवडणुकीआधी संख्याशास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की देशभरातल्या सुमारे दहा लाख यंत्रांतून ४७९ जरी तपासली तरी, दोन टक्क्यांहून जास्त यंत्रं सदोष असल्यास, ते ९९.९ टक्क्यांहून अधिक खात्रीने उघडकीला येईल. मी ०.९८चा ४७९वा घात काढून पाहिला. हिशेब बरोबर आहे. तेव्हा मतदारसंघातल्या एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या जायच्या. एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाची पाच केली, म्हणजे नमुना ४७९च्या कितीतरी पट झाला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० व्हीव्हीपॅट मोजले गेले आणि एकातही तफावत आढळली नाही, असं निवडणूक यंत्रणेने जाहीर केलं. राज्यभर सरसकट यंत्रं फिरवली होती असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा आकडा फार गैरसोयीचा आहे. राज्यातली एक टक्का यंत्रं जरी फिरवलेली असती तरी १,४४०मध्ये एकही न सापडणं जवळपास अशक्य होतं. माझ्या स्टाफरूममध्ये हे बोलले की अर्धे लोक माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत.

मात्र या उत्तरात प्रश्नच बदललेला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कबूल, पण भात एकाच पातेल्यातला असावा लागतो. निवडणूक २८८ वेगवेगळ्या पातेल्यांत शिजते. देशाची किंवा राज्याची खात्री ९९.९ टक्के असली तरी माझ्या मतदारसंघाची खात्री वर काढली तेवढीच राहते. उमेदवार हरतो तो स्वतःच्या मतदारसंघात.

आणि जिथे फरक थोडा असतो तिथे तर कमालच आहे. २०२४ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई वायव्यची जागा ४८ मतांनी गेली. ४८! एवढी मतं आमच्या वस्तीशाळेच्या केंद्रावर दुपारच्या एका तासात पडतात. सहा विधानसभा विभाग गुणिले पाच म्हणजे तीस केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजणार, बाकी पेट्यांना हात नाही. जिथे लाखाचं मताधिक्य आहे तिथेही प्रत्येक विभागातली पाचच, आणि जिथे ४८चं आहे तिथेही पाचच. नमुना किती घ्यायचा हे फरकावर ठरलं पाहिजे. फरक मोठा असेल तर थोड्या पेट्या पुरतात. फरक लहान असेल तर जास्त उघडा, आणि अगदीच चिमूटभर असेल तर सगळ्या उघडा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७पासून याच तत्त्वावर तपासणी होते. अवघड काही नाही, अकरावीचं गणित आहे.

नियमांत फट आहे, हे फार कमी उमेदवारांना माहीत असतं. नियम ५६ डीखाली उमेदवार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो, आणि मोजल्यावर यंत्र व चिठ्ठी यांत फरक निघाला तर चिठ्ठीचा आकडा ग्राह्य धरतात. म्हणजे कायद्यानेच कागदाला मोठेपणा दिलेला आहे. फक्त तो अर्ज मान्य करायचा की नाही हे त्या अधिकाऱ्यावर. ही गोष्ट ऐच्छिक कशी असू शकते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

एप्रिल २०२४मध्ये न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची आणि जुन्या मतपत्रिकांकडे जाण्याची अशा दोन्ही मागण्या फेटाळल्या. त्याच वेळी उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरणारी सिंबल लोडिंग युनिट्स निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा विभागातल्या पाच टक्के यंत्रांतल्या मायक्रोकंट्रोलर चिप खर्च भरून तपासून घेण्याची मुभा दिली. चांगलं पाऊल. पण चिप तपासणारा इंजिनीअर, चिप बनवणाराही इंजिनीअर, आणि आम्ही बाहेर चहा पीत बसणार. चिठ्ठी मोजायला सातवी पास शिपाई पुरतो. माझ्यासाठी कागदाचं मोल यातच आहे.

मारकडवाडीचं काय झालं ते आठवा. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाला २०२४च्या विधानसभेतले आपल्या गावचे आकडे पटले नाहीत. गंमत म्हणजे गावाचा उमेदवार निवडूनही आला होता. तरी गावाने ठरवलं, ३ डिसेंबरला स्वतःच्या खर्चाने कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊ. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, गावकऱ्यांनी बेत सोडला. निकाल लागल्यावर घेतलेल्या अशा मतदानाने आधीचं मत सिद्ध होत नाही, हे माझं स्पष्ट मत. पण गावाच्या खऱ्या मतांच्या चिठ्ठ्या तेव्हा सीलबंद पेट्यांत होत्याच. त्या जाळीच्या कक्षात उघडल्या असत्या तर एका दुपारचं काम होतं. आकडे जुळले असते तर गाव गप्प बसलं असतं, नसते जुळले तर ते सगळ्यांनाच कळायला हवं होतं. एवढा बंदोबस्त लावण्यापेक्षा पंचवीसच्या गड्ड्या बांधणं स्वस्त पडतं.

जास्त चिठ्ठ्या मोजल्या तर निकाल पाच-सहा दिवस लांबतील, हे २०१९मध्ये आयोगाने न्यायालयाला सांगितलेलं कारण. मला हसू येतं. २०२४च्या लोकसभेला नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली-चिमूर इथल्या लोकांनी १९ एप्रिलला मत दिलं आणि निकाल लागला ४ जूनला. ४६ दिवस ती यंत्रं स्ट्राँगरूममध्ये पडून होती आणि कोणाचं काही अडलं नाही. तिथे आणखी पाच-सहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं? आणि मोजणीची पथकं एकाऐवजी दहा लावली की दिवसही कमी होतात, हे काळ-काम-वेगाचं उदाहरण सातवीच्या पुस्तकात आहे.

तरी सगळंच जुन्या कागदावर आणा म्हणणाऱ्यांच्या मोर्चात मी जात नाही. कागदी मतदान मी अजूनही करते, कारण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आजही मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतिक्रम लिहायचा. मास्तर लोक, बीएड झालेले, आणि तरी बाद मतांचा ढीग बघा. कोणी १च्या जागी बरोबरची खूण करतं, कोणी स्वतःच्या पेनाने लिहितं, कोणी अंकाशेजारी सही ठोकतं. मोजणी दिवस-रात्र चालते, निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा पूर्ण होईपर्यंत एकेक उमेदवार बाद करत जायचं. निकाल दुसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. आणि त्या निकालावर कोणी यंत्राच्या नावाने बोट मोडत नाही, हेही तितकंच खरं. विधानसभेला मात्र शिक्के पळवणं, पेट्यांत शाई ओतणं, शंभर-शंभर मतपत्रिकांवर एकाच हाताने फुल्या मारणं, हे सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. बटण दाबायला लागणारा वेळच असा आहे की केंद्र ताब्यात घेऊनही मतांचा पाऊस पाडता येत नाही. यंत्राचं हे श्रेय मी नाकारणार नाही. मला यंत्र हवं आहे, आणि कागदही हवा आहे, आणि तो कागद मोजलेला हवा आहे.

मोजल्याने काय निघतं त्याचं उदाहरण माझी अटलांटाची भाची देते. २०२० साली तिच्या जॉर्जिया राज्यात राष्ट्राध्यक्षपदाची सुमारे ५० लाख मतं हातांनी पुन्हा मोजली. विजेता तोच राहिला. पण फ्लॉइड काउंटीत न मोजलेल्या अडीच हजारांहून जास्त मतपत्रिका सापडल्या. लबाडी नव्हती, कर्मचाऱ्यांची चूक होती. आपल्याकडे हरियाणात पानिपतजवळच्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाचं तसंच. २०२२च्या निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे उलटसुलट नोंदले गेले. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं दिल्लीला मागवून आपल्याच आवारात फेरमोजणी करून घेतली तेव्हा निकाल फिरला, ५१ मतांनी. यंत्र बरोबर होतं, लिहिणारा चुकला होता. दिवसभर उपाशी बसून रात्री नऊला तक्ते भरणाऱ्या माझ्यासारख्याच कोणाचा तरी हात असणार.

न्यायालयाने चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का, त्यावर बारकोड छापता येईल का, हे तपासायलाही सांगितलं आहे. मोजायचं यंत्र येऊ द्या, स्वागत आहे, पण त्याने नाव आणि चिन्हच वाचावं. जॉर्जियात मतपत्रिकेवर क्यूआर कोड छापत आणि मोजणी त्या कोडवरून होई. मतदार नाव वाचायचा, यंत्र दुसरंच काही तरी वाचायचं, म्हणून तिथे तो कोड काढायचा कायदा २०२४मध्ये झाला. आपण उलट दिशेने कशाला जायचं?

आणि शून्य तारे द्यायची सोय असती तर ते नगरपालिका-महापालिका निवडणुकांना दिले असते. तिथे व्हीव्हीपॅटच नाही. कारण सांगतात की प्रभागात एकाच मतदाराला तीन-तीन, चार-चार मतं द्यायची असतात आणि हे यंत्र त्यासाठी बनवलेलं नाही. कारण तांत्रिकदृष्ट्या समजतं. पण जिथे वीस-पंचवीस मतांनी नगरसेवक पडतो, जिथे कागदाची सर्वांत जास्त गरज आहे, तिथेच मतदार पुन्हा लाल दिव्याच्या भरवशावर. चार मतांच्या चार चिठ्ठ्या छापणारं यंत्र बनवणं या देशाला जमणार नाही, असं मी तरी मानत नाही.

तोवर जे हातात आहे ते वापरा, विशेषतः पोलिंग एजंट म्हणून बसणाऱ्या पोरांनी. मॉकपोलला साडेपाचला या, सव्वासहाला नको. चिठ्ठ्या तुमच्यासमोर मोजायला लावा आणि ‘क्लिअर’ केल्यावर शून्य दिसतं का ते वाकून बघा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगा की चष्मा घेऊन जा आणि बटण दाबल्यावर दिव्याकडे नको, काचेकडे बघा. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून सतरा-सीची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत मागा, ती देणं आमच्यावर बंधनकारक आहे. मी तेव्हा दमलेली असेन, कार्बन नीट उमटलेला नसेल, बाहेर एसटी हॉर्न देत असेल. तरी एकूण मतांचा आकडा आणि यंत्रांचे नंबर स्वतः वाचल्याशिवाय दाराबाहेर पडू नका.